आभाळाचे गोफणगुंडे

एकोणऐंशीच्या जुलैत सोलापुरात दुसरा विषय नव्हता. अमेरिकेची स्कायलॅब, म्हणजे अंतराळात फिरणारी प्रयोगशाळा, आभाळातून खाली यायला निघाली होती आणि कुठं पडायचं ते तिचं अजून ठरत नव्हतं. कुणी पोरांना शाळेत पाठवेना. कुणी राखून ठेवलेला कोंबडा कापून खाल्ला, उगाच आपल्यामागं राहायला नको म्हणून. आणि गल्लीतली उरलेली माणसं बजाबाईच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहत होती.

"खाला, अपने गल्ली में तो नै गिरती ना वो?" सायकल दुकानवाल्या चाचांची बायको विचारायची.

"बजाक्का, आमचा मागावर पडला तर काय करायचा वो?" ही मागवाली सुंदरम्मा. तिच्या तोंडी स्कायलॅबसुद्धा पुरुष होती.

बजाबाई तळहातावर तंबाखूला चुना लावत सगळ्यांना एकच सांगायची. "पडू दे की. वर हाय तवर मी कोण न्हाय. खाली आल्यावर मला हाक मारा."

एवढ्यावर माणसं निर्धास्त होऊन घरी जायची. कारण अख्ख्या सोलापुरात आभाळातून पडलेलं शोधायचं काम करणारी ही एकच बाई होती. आणि ते काम काही तिला कुणी ताटात वाढून दिलेलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा जोतीराम गिरणीत बदली कामगार होता. म्हणजे दुसरा कुणी आजारी पडला तर ह्याला काम. त्या साली आजारी पडणंसुद्धा कुणाला परवडत नव्हतं. मग बजाबाई माहेरी मंगळवेढ्याला गेली आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसली. डोक्यावर पदर, पायात पोत्याच्या चिंध्या, हातात हातोडा, पुढं दगडांचा ढीग. चार महिन्यांत तिचा हात असा काही तयार झाला की दगड उचलला की घाव कुठं घालायचा ते हातालाच कळायचं. कानही तयार झाला. काळा दगड टण्ण वाजतो, तांबूस मुरमाड दगड भक्क करतो. आवाजावरून ती शेजारणीला मान वर न करता सांगायची, "सोड त्यो. फुटायचा न्हाय संध्याकाळपत्तुर."

एक दिवस तिच्या पुढ्यात नारळाएवढा एक दगड आला. उचलला तर आकाराच्या मानानं जड. घाव घातला तर टण्ण नाही, भक्क नाही. बद्द. जसं काही ओल्या पोत्यावर मारलं. दुसरा घाव घातला तेव्हा टवका उडाला आणि आत सुईच्या टोकाएवढे चकाकते ठिपके दिसले. तिनं हातोडा खाली ठेवला.

मुकादम छत्रीखालून ओरडला, "ए मंगळवेढ्याच्या महाराणी, खडीचा ब्रास भरायचाय का दगडाशी गप्पा मारायच्यात? एवढा लाडका असंल तर न्या सोलापूरला, कॉलेजात नाव घाला त्याचं."

हा टोमणा आहे हे तिला कळलं. पण पत्ता बरोबर आहे हेही कळलं. पंधरवड्यानं ती सोलापूरला आली आणि पदरात दगड घेऊन थेट कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या खोलीत शिरली.

खोलीत बसवराज सर होते. किडकिडीत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि बोलायला लागले की प्रत्येक वाक्याच्या दारात 'मूलतः' उभा. "मूलतः, बाई, आपल्या भागात सगळीकडं एकच काळा खडक आहे. मूलतः तो लाव्हा. मूलतः तुम्ही आणलाय तोही..." असं म्हणत त्यांनी दगड हातात घेतला आणि पुढचा 'मूलतः' बाहेर आलाच नाही.

दगड कापला, तपासला, त्याचा तुकडा कलकत्त्याला भूगर्भ खात्याकडं गेला, तिकडून पत्र आलं. उल्का. कुठल्या काळी पडली देव जाणे, पण पडली होती खरी. सरांनी प्राचार्यांच्या मागं लागून बजाबाईला रोजंदारीवर ठेवून घेतलं. काम : आभाळातून पडलेले दगड शोधणे. हेड क्लार्क ईरप्पा यांनी मस्टरवर कामाच्या रकान्यात लिहिलं : हमाल.

"उल्काशोधक लिहा ना," सर म्हणाले.

"सर, असं पद मंजूर पदांच्या यादीत नाही," ईरप्पा म्हणाले. ते बोलताना टेबलावरचा टाचणीचा डबा आधी डावीकडं सरकवायचे, मग उजवीकडं, मग वाक्य संपायचं. "सदरहू बाई दगड उचलणार. दगड उचलतो त्याला हमाल म्हणतात."

जोतीराम तर रोज दारातच विचारायचा, "काय, आज चंद्राचा तुकडा घावला का?" ती म्हणायची, "चंद्राचं र्‍हाऊ द्या. तुमची गिरणीतली पाळी घावली का ते सांगा." मग दोघं हसायची. पण तिला आत कुठं तरी लागायचंच. खडी फोडताना ती दगडांची वैरीण होती. आता प्रत्येक दगड तिला आपलं नाव सांगायचा. हे काम सुटलं तर पुन्हा हातोडा आणि पायाला चिंध्या.

आणि काम सुटायची वेळ आली होती. तीन वर्षं ती सरांबरोबर आणि सरांशिवाय रानोमाळ फिरली. लोक काय काय आणून द्यायचे. जेऊरच्या स्टेशनाजवळ एकानं जळका काळा गोळा दिला आणि आईची शपथ घेऊन सांगितलं, हा डोळ्यांदेखत वरून पडला. पडला होता खराच, पण इंजिनावरच्या फायरमनच्या फावड्यातून. एकीनं पाट्याचा तुकडा आणला. एका म्हाताऱ्यानं वाळलेलं शेणकूट आणलं आणि वर चहा पिऊन गेला. तीन वर्षांत दुसरी उल्का नाही.

शहात्तरच्या जानेवारीत ईरप्पांनी तिला टेबलापुढं बोलावलं. टाचणीचा डबा डावीकडं गेला. "बजाबाई, सध्या दिवस शिस्तीचे आहेत. प्रत्येक पदाबद्दल वरून विचारणा होते." डबा उजवीकडं आला. "तीन वर्षांत एक अंडं देणारी कोंबडी कुणी पाळत असेल तर मला दाखवा. फेब्रुवारीअखेर काही मिळालं तर ठीक, नाही तर मस्टरवरून नाव कमी. यंदा फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा आहे. एक दिवस जास्तीचा मिळतोय तुम्हाला." डबा पुन्हा मधोमध आला. "पण तो रविवार आहे."

त्यानंतर चारच दिवसांनी, संक्रांतीच्या तोंडावर, भर दुपारी मैंदर्गीच्या आभाळात मोठा आवाज झाला. ट्रकचा टायर फुटावा तसा, पण वरून. पाठोपाठ सूंऽऽ करत काहीतरी रानात उतरलं. ही बातमी अक्कलकोटच्या एसटीच्या कंडक्टरनं सोलापूरला आणली, आणि दुसऱ्या दिवशी बसवराज सर आणि बजाबाई त्याच एसटीनं मैंदर्गीत.

रान म्हणजे दहा एकरांचा एकच तुकडा. पुरुषभर उंचीची ज्वारी, कणसं दुधात आलेली. रानाचा मालक बांधावर आडवा झाला. "सर, तुम्ही गुरू आहात, पाया पडतो, पण ज्वारीत पाय टाकायचा नाही. दाणा झडतो. काढणी होऊ द्या, मग शोधा की, हवं तर उकरून शोधा."

"काढणी कधी?" सरांनी विचारलं.

"फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात."

सरांचा चेहरा पडला. बजाबाईचा नाही. "सर, बरं झालं की. काढणीच्या बायका काय करत्यात? वळीनं उभ्या र्‍हात्यात, एकेक पात धरत्यात, आन् ताट मुळासकट उपटत म्होरं जात्यात. रानातली एक वीत बी सुटत न्हाय. तुमची पोरं बांधावरनं लोहचुंबक नाचवणार, त्यापरीस ह्यो सर्वे बरा. मी मजुरीला येती."

अशी उल्काशोधक बजाबाई फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला मैंदर्गीत ज्वारी काढायला उभी राहिली. बायकांची म्होरकी मल्लव्वा. तिचं निम्मं बोलणं कानडी, निम्मं मराठी, आणि टोमणे दोन्हीत.

"एऽ सोलापूरवाली, तुझा पात मागं राहिला की. खाली काय बघतीस, सोना पडलाय काय?"

"सोनं न्हाय मल्लव्वा, कल्लु. काळा दगूड. तुज्या पातीत घावला तर टाकू नको, मला हाक मार."

"कल्लु?" मल्लव्वा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्या रानात कल्लु इल्ल. माझा लगीन होऊन वीस वर्षं झाला, ह्या रानात पायाला खडा लागला नाही. तू आभाळातला सांगतीस."

बजाबाईला हेच हवं होतं. मंगळवेढ्याची काळी रानंही अशीच. खोल काळी माती आणि तिच्यात औषधाला दगड नाही. अशा रानात दगड दिसला तर तो पाहुणाच. एक सापडला की काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याच पातीत एक भोक लागलं. वीतभर खोल, तिरकं, काठावरचं ताट मोडलेलं. तिनं हात घातला. भोक रिकामं. मग मल्लव्वानं हाक मारली, तिच्या पातीत एक. तेही रिकामं. बुधवारपासून गुरुवारच्या दुपारपर्यंत नऊ भोकं निघाली. त्यातलं एक तर कोपरभर खोल. नऊच्या नऊ रिकामी.

गुरुवारी सर आले. त्यांनी नऊही भोकांपुढं एकेकदा गुडघे टेकले आणि मग बांधावर बसून राहिले. "मूलतः कुणीतरी आपल्या आधी येऊन गेलंय, बजाबाई. मुंबईत असले दगड घेणारे लोक आहेत. मूलतः आपण हरलो." आणि मग खालच्या आवाजात, "ईरप्पांशी मी बोलतो."

"न्हाय," ती म्हणाली. "तुमी जावा. शनवारी या. माजी पात अजून ऱ्हायलीया."

सर गेले. ती रानाच्या मधोमध राखणीसाठी बांधलेल्या उंच माळ्याखाली, सावलीला, भाकरी सोडून बसली. माळ्यावर राखणदार कल्लप्पा, सगळ्यांचा मुत्त्या, म्हणजे आजोबा. सत्तरीचा, दातांनी सोडून दिलेला, पण गोफण हातात घेतली की पंचविशीचा. उरलेल्या ज्वारीवरची पाखरं उठवणं हे त्याचं काम, आणि आल्यागेल्याला चहा पाजणं ही हौस. खाली तीन दगडांची चूल, तिच्यावर काळंकुट्ट भगुलं. गेले तीन दिवस बजाबाई तिथंच चहा पीत होती.

वर गोफण गरगरली आणि सूं करून गुंडा सुटला. लांब बाभळीपाशी फुटून त्याची धूळ झाली. मातीचा होता. माळ्याच्या कडेला असे मातीचे गुंडे उन्हात वाळत घातलेले होते, लाडवांसारखे.

बजाबाईचा घास हातातच राहिला.

"मुत्त्या, मातीचं गुंडं कशापायी करता?"

"दगूड कुटं हाय यवा हितं? माळ लांब. म्हाताऱ्यानं किती वाहायचा?"

"आन् मदी कवा दगूड घावलंच न्हाईत?"

कल्लप्पाच्या बोळक्यात हसू पसरलं. "घावले की. संक्रांतीच्या आधी. सकाळी रानात गेलो तर भोकात एक, भोकात एक. काळे, गोल, गुळगुळीत. देवानं म्हाताऱ्याकडं बघितला म्हटलं." त्यानं रिकामी गोफण हवेत फिरवून दाखवली. "काय जात होते यवा. मातीचा गुंडा बाभळीपर्यंत जातो. तो ओढ्यापलीकडं जायचा. आठ होते. दोन दिवसांत संपवले."

बजाबाईनं भाकरी फडक्यात बांधली. कोट्यवधी कोसांवरून आलेले दगड ह्या म्हाताऱ्यानं चिमण्यांच्या अंगावर भिरकावले होते. तिला हसावं का रडावं कळेना, म्हणून तिनं काम सुरू केलं.

ओढ्यापलीकडं काय आहे ते तिला उभ्यानं दिसत होतं. माळ. नुसत्या काळ्या दगडांनी भरलेला, काळ्या रानाच्या उशाशी पसरलेला माळ. तिथं हजारो काळ्या दगडांत आठ काळे दगड. लोहचुंबक तिथं प्रत्येकालाच थोडं थोडं चिकटणार.

ती माळावर गेली आणि पदर भरून दगड घेऊन आली. एकेक दगड कल्लप्पाच्या तळहातावर ठेवला. "ह्या वजनाचा व्हता का?"

"छे. हलका."

"ह्यो?"

कल्लप्पानं डोळे मिटून दगड दोनदा वर उडवून झेलला. पन्नास वर्षं गोफण फिरवलेला हात. "हां... थोडा कमी. तो बघ की, तो मोठा. हां. असा."

अशी आठ दगडांची जोडणी झाली, एकेक त्याच्या हातानं पारखलेला. शुक्रवारी सकाळी तिनं त्या आठांना आपल्या चंचीतला चुना फासला, पांढरेशुभ्र केले. कल्लप्पाला माळ्यावर चढवला. "मुत्त्या, त्या दिशी पाखरं कुटनं येत व्हती?"

"सकाळी बाभळीतनं. दुपारी त्या बोरीतनं."

"मग सकाळी मारल्यासारकं सकाळी मारा आन् दुपारी मारल्यासारकं दुपारी मारा. मनात ऱ्हाग धरून मारा."

"राग तर येतोच की यवा. दाणा खातात."

गोफण गरगरली. पांढरा दगड बाभळीवरून, ओढ्यावरून, माळावर. बजाबाई आधीच तिकडं उभी. जिथं पडला तिथं तिनं काठी रोवली. आठ दगड, आठ काठ्या. मग ती मल्लव्वापाशी आली.

"मल्लव्वा, माळावर पात धरायची. प्रत्येक काठीभवती. काळा दगूड दिसला की उचलायचा आन् मला दावायचा."

"माळावर काढणी?" मल्लव्वा म्हणाली. "सोलापूरचं पाणी लागलं म्हण की तुला. पोरींनो, बा, बा, या. आज दगडाचा पीक काढायचा आहे."

अकरा बायका वळीनं उभ्या राहिल्या. कमरेत वाकून, एकेक पात धरून, टप्प्याटप्प्यानं पुढं. दगड हातात, हातातून बजाबाईच्या हातात, तिच्या हातातून मागं. "न्हाय. न्हाय. ह्याच्यावर शेवाळ हाय, जुना. न्हाय. ह्यो उनानं तांबडा झालाय. न्हाय." दीडशेच्या वर 'न्हाय' झाले तेव्हा मल्लव्वा तिची नक्कल करायला लागली. बायका हसून हसून वाकल्या. त्या हसण्यातच मल्लव्वानं एक दगड तिच्या हातात ठेवला आणि तिच्याच आवाजात म्हणाली, "न्हाय."

लिंबाएवढा दगड. तव्याच्या बुडासारखा काळा, काजळी धरल्यासारखा, वर ना धूळ मुरलेली ना शेवाळ. आणि जड. तिनं कमरेचा जुना हातोडा काढून हलकेच टोला दिला.

बद्द.

"व्हय," बजाबाई म्हणाली. तीन वर्षांत हा शब्द तिनं पहिल्यांदा वापरला.

त्यानंतर बायकांना सांगायची गरज राहिली नाही. कसा दिसतो ते हाताला कळलं होतं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत चार, शनिवारी सकाळी आणखी तीन. आठवा मात्र सापडेना. काठीभोवतीची पात तीनदा धरली, नाही म्हणजे नाही.

शनिवारी दुपारी सर एसटीतून उतरले ते सांत्वनाचे शब्द जुळवतच. बजाबाईनं माळ्याखाली फडकं उघडलं. सात काळे दगड. सरांनी एक उचलला, भिंग लावलं, खाली ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा उचलला. 'मूलतः' कुठं हरवला कुणास ठाऊक.

"पन भोकं नऊ व्हती सर," बजाबाई म्हणाली. "गोफणीतनं गेलं आठ. मुत्त्या, नववा कुटं?"

"तो मोठा," कल्लप्पा म्हणाला. "गोफणीत बसंना."

"मग काय केला?"

म्हाताऱ्यानं चुलीकडं बघितलं. चुलीवर सरांसाठी चहा उकळत होता. "चुलीला दोनच दगड होते. माळावरनं दोन आणले, तिसऱ्याचा कंटाळा आला. तिसरा देवानं घरपोच दिला की."

बजाबाईनं पदरानं भगुलं उतरवलं. काजळीखाली, राखेत, नारळाहून मोठा. पाच दिवस ती त्याच्यावर उकळलेला चहा पीत होती.

सरांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "अहो, तापवला? दीड महिना तापवला? आतली रचना बिघडते हो तापवल्यावर."

"सर, येताना आभाळातनं जळतच आला व्हता न्हवं," बजाबाई म्हणाली. "वाईच अजून जळला. आतनं चांगला आसंल. टोला मारून बघू?"

"नको," सर घाईनं म्हणाले, आणि मग इतके हसले की त्यांच्या कपाळावरची विभूती घामात उतरली. कल्लप्पानं त्यांच्या हातात चहा ठेवला आणि चुलीसाठी नवा दगड आणून द्यायचं कबूल करून घेतलं. मल्लव्वानं एसटीपर्यंत गाठोडं डोक्यावर नेलं, कुणाला हात लावू दिला नाही. कंडक्टरनं विचारलं, काय आहे, तर म्हणाली, "आमच्या रानातला पीक."

रविवारी जोतीरामानं दारातच विचारलं, "काय, चंद्राचा..." आणि गाठोडं बघून वाक्य तिथंच सोडलं. मग आठही दगड त्यानं स्वतः ओल्या फडक्यानं पुसले, एक झाला की दुसरा, आणि शेजाऱ्यांना हाका मारून दाखवले. "आमच्या हिनं आणलं," असं तो दर वेळी म्हणत होता.

सोमवारी, मार्चच्या एक तारखेला, ईरप्पा मस्टर उघडून, तांबड्या शाईत टाक बुडवून बसले होते. बजाबाई आत आली. तिनं टाचणीचा डबा स्वतःच डावीकडं सरकवला आणि मोकळ्या झालेल्या जागेत एकेक दगड मांडला. शेवटचा मांडताना टेबल कुरकुरलं.

"हेड क्लार्क साहेब, मोजा अंडी."

ईरप्पांनी मोजली. बोटानं, आठपर्यंत. मागं दारात बसवराज सर, प्राचार्य आणि निम्मं कॉलेज उभं होतं. ईरप्पांनी तांबडी शाई बाजूला ठेवली, निळी ओढली. 'हमाल' हा शब्द खोडला. वर लिहिताना मात्र थांबले.

"पण बाई, आता सापडले सगळे. मग पुढं काम काय राहिलं?"

"सगळं कुटं?" बजाबाई म्हणाली. "भोकं नऊ, दगडं आठ. एक अजून त्या माळावर हाय. मुत्त्याच्या गोफणीतनं सुटल्याला. त्यो घावस्तवर मी काय सुटत न्हाय."

ईरप्पांनी डबा उजवीकडं घेतला नाही, मधोमध आणला नाही. तो होता तिथंच राहू दिला आणि रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं : उल्काशोधक.

स्कायलॅब शेवटी लांब ऑस्ट्रेलियात पडली, बजाबाईला हाक मारायची वेळ आली नाही. गोफणीतला तो आठवा दगडही अजून सापडलेला नाही. बजाबाई दर वर्षी काढणीच्या वेळेस मैंदर्गीला जाते, मल्लव्वाबरोबर माळावर एक पात धरते, कल्लप्पाच्या नव्या चुलीवरचा चहा पिते आणि हात हलवत परत येते. घाई तिलाही नाही, दगडालाही नाही.